कानाने कापड घेणारे काका

दुकानात आले की ते आधी बोलायचे नाहीत. समोर जे कापड पडलेले असेल त्याची कड चिमटीत धरायचे, कानाजवळ न्यायचे आणि दोन बोटांत चोळायचे. डोळे मिटलेले. मग डोळे उघडून निकाल द्यायचे. लोकर असली तर म्हणायचे, "गप्प आहे." दुसरे काही असले तर तोंड वाकडे करून, "बडबडतंय."

"शेठाणी, कापड आधी कानाने घ्यायचं," हे त्यांचे कायमचे वाक्य. "डोळ्यांनी घेतो तो गिऱ्हाईक. कानाने घेतो तो शिकारी."

त्यांनी आयुष्यात चिमणीसुद्धा मारली नव्हती. शिकार बंद होऊन जमाना झाला आणि हे रिफायनरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. पण त्यांचे आजोबा संस्थानाच्या शिकारखान्यात कामाला होते, आणि त्या आजोबांचा लोकरीचा कोट यांच्या अंगावर होता. हिरवट खाकी रंग, चार खिसे, कोपरांवर कातड्याचे तुकडे. शिकार म्हणाल तर ती फक्त दुर्बिणीची. हिवाळा आला की पहाटे डभोईकडच्या तळ्यावर जायचे, बाभळीआड बसायचे आणि परदेशातून आलेली बदके बघायचे. याला ते "शिकारीला जाणं" म्हणत. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी दचकले होते, आता तुम्ही दचकला असाल तशीच.

माझे दुकान बडोद्यात मंगळ बाजाराच्या तोंडाशी आहे. गरम कपडे विकते. बडोद्याला थंडी ती किती, हे तुम्हाला माहीत आहे. दिवाळी उलटली की लोक कपाटे उघडतात आणि उत्तरायणाचे पतंग उतरले की बंद करतात. पण हल्ली घरटी एक मूल कॅनडाला निघते, त्यामुळे माझे बाराही महिने बरे चालतात. नवऱ्याचा मकरपुऱ्यातला कारखाना बंद पडला तेव्हा मी फुटपाथवर चादर पसरून स्वेटर विकायला बसले. एका बाजूला तिबेटी बायका, दुसऱ्या बाजूला गटार. तिथून या दुकानात आले ते माझ्या तोंडाच्या जोरावर. भावात मला कोणी हरवलेले नाही आणि हरवून कोणी सुखाने घरी गेलेले नाही.

काका पहिल्यांदा आले ते काही घ्यायला नव्हे. पायरीवर उभे राहून त्यांनी एका शालीची कड कानाशी नेली. मी म्हटले, काका, ती शाल आहे, टेलिफोन नाही. ते हसले नाहीत. म्हणाले, "ही शाल खोटं बोलतेय."

मी उसळले. तो माल मी लुधियान्याच्या व्यापाऱ्याकडून शुद्ध लोकर म्हणून घेतला होता. काकांनी खिशातून काडेपेटी काढली, शालीच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढला आणि पेटवला. तो जळलाच नाही. वितळला, आणि टोकाला टणक काळा मणी झाला. मग त्यांनी दुसऱ्या, खऱ्या लोकरीच्या मफलरचा धागा घेतला. तो चुरचुरत जळला, आपला आपण विझला, जळक्या केसांसारखा वास आला आणि राख बोटात धरताच तिचा भुगा झाला. "आता कळलं?" ते म्हणाले. "प्लास्टिक मणी सोडतं. लोकर राख सोडते."

त्या व्यापाऱ्याचा माणूस पुढच्या खेपेला आला तेव्हा मी त्याचा अख्खा गठ्ठा रस्त्यावर भिरकावला. रिक्षावाले थांबून बघत होते. काका माझ्या मागे उभे राहून शांतपणे एकेक धागा पेटवत होते आणि त्या माणसाच्या हातावर एकेक मणी ठेवत होते. त्या दिवसापासून दुकानात त्यांच्यासाठी एक स्टूल आले. चहाही आला. मला वडील आठवत नाहीत. त्या स्टुलावर कोणीतरी माझ्या बाजूचे बसलेले आहे, एवढेच मला पुरत होते.

ते काही विकायचे नाहीत, फक्त बसायचे. पण त्यांच्या बसण्याने माल खपायचा. एखादे गुजराती कुटुंब मुलाला घेऊन यायचे, मुलाला हलके, चकचकीत जाकीट हवे असायचे, आई गोंधळलेली असायची. मग काका सुरू व्हायचे. आजोबा पहाटे गवतात कसे बसायचे, हलले तरी कोटाचा आवाज कसा यायचा नाही, नदीत भिजले तरी तोच ओला कोट अंगावर ठेवून कसे दिवसभर फिरायचे. "ओली लोकरसुद्धा ऊब देते, बेन. प्लास्टिक ओलं झालं की नुसतं गार." आई लगेच वळायची. मुलगा कुरकुरत लोकर घालून बघायचा.

घासाघीस मात्र त्यांना सहन होत नसे. मी भाव चढवून सांगितला की त्यांना खोकला यायचा. गिऱ्हाइकांना ते कळायला लागले. काकांचा खोकला ऐकला की बायका पर्स मिटून म्हणायच्या, अजून कमी करा. मी काकांना म्हटले, उद्यापासून खोकल्याचे औषध घेऊन या नाहीतर स्टूल घेऊन जा. ते म्हणाले, "शेठाणी, तुमची लोकर खरी आहे. भावही खरा सांगून बघा एकदा." एवढे तोंडावर बोलणाऱ्या माणसाला मी पुन्हा चहा दिला, यावरून काय ते समजा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगते.

एका दिवाळीआधी एका कंपनीचा माणूस आला. परदेशी पद्धतीची जाकिटे, अंगालगत घालायचे पातळ इनर, सगळे कृत्रिम धाग्याचे. या रस्त्यावर तो एकालाच माल देणार होता आणि पहिला माझ्याकडे आला होता. मला माल आवडला होता. हाताला मऊ, वजनाला पीस, धुतला की तासात वाळणारा. मी अर्धी तयार होते. तरी मी काकांकडे पाहिले. मी कोणाला विचारत नाही, पण त्यांना विचारले.

त्यांनी जाकिटाची बाही कानाशी नेली. "बडबडतंय," ते म्हणाले. मग त्या माणसादेखत नमुन्याच्या इनरचा धागा पेटवून मणी पाडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हे अंगालगत घालायला देणार तुम्ही लोकांच्या मुलांना?"

मी त्या माणसाला पायरी दाखवली. तो उतरला, रस्ता ओलांडला आणि समोरच्या दुकानात शिरला. समोरचा तेव्हा छत्र्या आणि दप्तरे विकायचा. आज त्याचे दुकान दोन मजली आहे, काचेच्या दाराचे, आणि दारात जाकीट घातलेला पुतळा उभा असतो. तो पुतळा मला रोज सकाळी शटर उघडताना दिसतो.

तरी मी काकांना काही बोलले नाही. मी लोकरवाली म्हणून ओळखली जात होते, त्याचा मला अभिमान होता. धंदा अर्धा राहिला तरी आपण खोटे विकत नाही, असे मी स्वतःला सांगायचे आणि काकांनाही ऐकवायचे. ते मान हलवायचे. चहा प्यायचे आणि मान हलवायचे. ते मान हलवणे आता आठवले की माझे डोके फिरते.

मग गेल्या हिवाळ्याआधीच्या हिवाळ्यात माझे गिऱ्हाईक आणखी तुटायला लागले. तळ्यावर फोटो काढायला जाणारी डॉक्टर, इंजिनियर मंडळी माझी हक्काची होती, तीही समोर वळली. मी चिडून म्हटले, काका, तुमची ती शिकार मला एकदा दाखवा. खरेच कापडाच्या आवाजाने पाखरे उडतात का, ते मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या. म्हणजे मी गिऱ्हाइकाशी छातीठोकपणे भांडेन. ते खूष झाले. किती वर्षे ते मला चला म्हणत होते.

रविवारी पहाटे त्यांच्या जुन्या गाडीतून निघालो. डभोई मागे पडली तेव्हा उजाडत होते. तळ्यावर धुके, काठाला चिखल, आणि पाण्यावर एवढी पाखरे की बाजार भरल्यासारखा कलकलाट. काकांनी मला बाभळीआड बसवले, ओठांवर बोट ठेवले. मी माझ्याच दुकानातली जाड शाल पांघरली होती. हलले तरी आवाज नाही. थोड्या अंतरावर एक तरुण चकचकीत जाकिटात बसला होता. त्याने कॅमेरा उचलायला हात वर केला, बाहीची खसखस झाली आणि काठाजवळचे पट्टेरी डोक्याचे सगळे हंस एकदम माना वर करून त्याच्याकडे बघायला लागले. दोन पावले चालले, आणि उडाले.

काकांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी हात जोडले. माणूस खरे बोलत होता. त्या क्षणी माझा जीव एवढा भरून आला होता की त्यांनी तिथे दुकान मागितले असते तर, भाव करून का होईना, दिले असते.

परतताना काठाच्या चिखलावरून त्यांचा पाय घसरला आणि ते छातीपर्यंत पाण्यात गेले. मी आणि त्या जाकीटवाल्या तरुणाने ओढून काढले. वय सत्तरीचे, दात वाजत होते. मी म्हटले, कोट काढा, माझी शाल घ्या.

"नको," ते म्हणाले. "ओली लोकरसुद्धा ऊब देते."

"ते गिऱ्हाइकाला सांगा. तुमचे ओठ निळे पडलेत. काढा."

"नको म्हणतो ना, शेठाणी." आणि त्यांनी दोन्ही हातांनी कॉलर घट्ट धरली. लहान मूल इंजेक्शनच्या आधी बाही धरून ठेवते तशी. मला वाटले, आजोबांच्या कोटाचा जीव जपतायत. मी दटावले, त्या तरुणाला बाह्या ओढायला लावल्या आणि कोट उतरवला.

आत लोकरीचे काहीच नव्हते. अंगाला चिकटलेले काळे, पातळ इनर. त्याच मालातले. मानेमागे लेबल उलटे होऊन बाहेर आले होते, आणि त्यावर समोरच्या दुकानाचे नाव होते.

मी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. थंडीने मरू थोडेच देणार होते? मग विचारले, "हे काय आहे?"

ते पाण्याकडे बघत राहिले. म्हणाले, "लोकर मला चावते. लहानपणापासून. अंगालगत घातली की चट्टे उठतात." त्यांनी शाल ओढून घेतली. "आजोबांच्या घरात लोकर चावते असं म्हणायची सोय नव्हती."

"हे आजोबांचं घर नाही. किती वर्षं घालताय?"

"हा माल समोर आला तेव्हापासून. चांगलं असतं हो आतून. घाम धरत नाही. बाहेर लोकर, आत हे. खरं म्हणजे दोन्ही लागतं."

दोन्ही लागते. ऐकलेत तुम्ही? लुधियान्याच्या माणसाला पुरून उरलेली बाई मी, चिखलात उभी राहून हे ऐकत होते. या माणसाने मला अर्धे खरे सांगितले. उरलेले अर्धे रस्त्यापलीकडे विकले जात होते आणि हे तिथे जाऊन विकत घेत होते.

मी म्हटले, "आणि घ्यायला समोर गेलात. माझ्या तोंडावरून."

ते अगदी साधेपणाने म्हणाले, "तुमच्याकडे मिळत नव्हतं ना."

जाकीटवाला तरुण दुसरीकडे बघायला लागला. गाडी मीच चालवली. ते हीटरसमोर हात धरून बसले होते आणि मागच्या सीटवर तो कोट पाणी गाळत होता.

दुसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. समोरचा गल्ल्यावरून उठून उभा राहिला, बहुधा मी मारायला आले असे त्याला वाटले. मी काकांचे विचारले. तो म्हणाला, "हां बेन, काका तो दर शियाळे आवे छे." दर हिवाळ्यात येतात. मागच्या दाराने येतात, दोन नग घेतात, भाव करत नाहीत. मग तो जरा ओशाळून म्हणाला, "मने एम के तमे ज मोकलो छो."

त्याला वाटायचे, मीच पाठवते. माझ्याकडे तो माल नाही म्हणून माझ्या माणसाला मी त्याच्याकडे पाठवते, अशी त्याची समजूत. आणि या मोठेपणाबद्दल तो मनात माझा आदर करत होता. माझ्या शत्रूने माझ्याबद्दल चांगला विचार केला, तोही खोट्यावर.

पायऱ्या उतरताना माझ्या कानात एकच गोष्ट वाजत होती. चोर मागच्या दाराने जातो. त्यांना कळत होते. कळत नसते तर पुढच्या दाराने गेले असते.

मी स्टूल आत माळ्यावर टाकले. दोन दिवसांनी ते आले, स्टुलाच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. त्या जागी मी मोज्यांची टोपली ठेवली होती. मी म्हटले, काका, आता बसायला जागा नाही. ते म्हणाले, "रागावलात." मी म्हटले, नाही, माल वाढवतेय. त्यांनी सवयीने टोपलीतल्या एका मोज्याकडे हात नेला आणि कानापर्यंत न नेता परत ठेवला.

पुढच्या दिवाळीला मी कृत्रिम धाग्याची इनर ठेवायला लागले. कुठल्या तरी हलक्या कंपनीची, कारण चांगली समोरच्याकडे. येणाऱ्याला सांगते, आत हे घ्या, बाहेर लोकर घ्या, दोन्ही लागते. लोकांना पटते. पटणारच, ते खरे आहे. प्रत्येक वेळी सांगताना माझ्या तोंडात कडू येते.

ते शेवटचे आले ते निरोप घ्यायला. मुलीकडे कॅनडाला कायमचे निघाले होते. हातात कागदात गुंडाळलेला तो कोट. म्हणाले, मुलीने तिकडे सगळे घेऊन ठेवले आहे, बॅगेत वजन बसत नाही. कोणाला द्यावा कळत नाही. बडोद्यात लोकर सांभाळता येणारे दुसरे घर त्यांना माहीत नव्हते.

मी म्हटले, तिथे ठेवा.

"कसर लागू देऊ नका," ते म्हणाले. मी डांबरगोळ्यांचे पाकीट फोडून कोटावर टाकले, म्हणजे उत्तर दिल्यासारखे झाले. ते जरा थांबले. चहाची वेळ होती. मी सांगितला नाही. पायरीवरून उतरताना त्यांनी दारातल्या मफलरची कड चिमटीत धरली, कानाशी नेली, आणि पाठमोरेच म्हणाले, "गप्प आहे." मग ते रिक्षात बसले.

या हिवाळ्यात त्यांचा एक फोटो फोनवर आला. पांढऱ्या बर्फात उभे, अंगात नारिंगी रंगाचे फुगीर, चकचकीत जाकीट. हसतायत. खाली काही लिहिलेले नाही. तो फोटो बघताना माझ्या मनात एक गोष्ट आली ती गेली नाही. ज्याने आतले लपवले त्याने बाहेरचे तरी खरे सांगितले होते का? शिकारखाना, गवतात बसणारे आजोबा, नदी. दुकानातल्या सगळ्या धाग्यांना त्यांनी काडी लावली होती, पण या कोटाला कधी हात लावू दिला नव्हता. मी एकदा थट्टेत काडी काढली तेव्हा जवळजवळ ओरडले होते, "आजोबांच्या कोटाला नाही."

मी दुपारी शटर अर्धे ओढले. कोट काढला. आतल्या शिवणीतून एक धागा ओढला आणि चिमट्यात धरून काडी लावली.

तो चुरचुरत जळला. आपला आपण विझला. जळक्या केसांचा वास सगळ्या दुकानात भरला. राख बोटात धरली तर तिचा भुगा झाला. मी दुसऱ्या खिशाच्या आतला धागा काढला, मग कॉलरखालचा. प्रत्येक वेळी राखच.

खरा होता. कोट खरा, म्हणजे आजोबाही खरे असावेत, ती नदीही खरी.

मला हायसे वाटायला हवे होते. मणी पडला असता तर बरे झाले असते. माणूस अख्खाच्या अख्खा उचलून रस्त्यावर फेकता आला असता, त्या लुधियान्याच्या गठ्ठ्यासारखा. आता तो अर्धा माझ्याकडे राहिला आहे, आणि दर दिवाळीआधी त्याला बाहेर काढून ऊन दाखवावे लागणार आहे.